यंत्र लो म्हणाले

९ जानेवारी १९९६, मंगळवार. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी आमच्या मापन विभागात आला आणि म्हणाला, "साहेब, घरनं फोन आहे. बाई रडतायत." माझ्या घरी फोन नव्हता. तो शेजारच्या मासींकडे होता, आणि मासी सहसा रडत नसत.

मी पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन रिसीव्हर उचलला.

"भाईसाब, भाभी उठती नहीं."

"काय झालं? मशीन लावलं का?"

"लगाया ना. बहुत पसीना था, हाथ कांपता था, तो लगाया. मशीन लो बोला."

"मग दिलं का लगेच?"

"उसी टाइम दिया. मशीन बोला तो दिया ना."

"बरोबर केलंत. मी निघतो."

फोनवरचा आवाज स्वच्छ होता. आम्हा दोघांपैकी कोणीही एक शब्द चुकीचा ऐकला नाही. 'लो' म्हणजे रक्तातील साखर उतरली, असे मी धरले आणि साखर दिली का, असे विचारले. मासींनी उत्तर दिले ते इन्सुलिनच्या सुईबद्दल. आधीच साखर उतरलेल्या माझ्या पत्नीच्या अंगात साखर आणखी उतरवणारे औषध गेले होते, आणि मी फोनवर बरोबर केलंत असे म्हणून गेटपासवर सही घेण्यासाठी विभागप्रमुखांची वाट पाहत उभा राहिलो.

हे कसे घडले, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

पत्नीचे माहेर बदलापूरजवळचे चामटोली. शिक्षण मराठी चौथी. लग्नानंतर आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहिलो, कारण तेथून अंबरनाथचा कारखाना जवळ पडे आणि भाडे परवडे. मधुमेह तिला पस्तिशीच्या आतच जडला. ऐंशीच्या दशकात घरी साखर पाहण्याची एकच रीत होती. काचेच्या नळीत निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून स्टोव्हवर उकळायची. निळे राहिले तर ठीक. हिरवे झाले तर सावध. पिवळे, नारिंगी, विटकरी म्हणजे उत्तरोत्तर वाईट. ती हे स्वतः करी, आणि चुलीवरच्या भाजीकडे पाहावे तशी नळीकडे पाही. "आज वीट भाजली," असे म्हणाली की मी समजत असे. रंग वाचायला शाळा लागत नाही.

पुढे तिचे डोळे गेले. पूर्ण नव्हे, डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरले आणि हिरवे व विटकरी तिला सारखेच दिसू लागले. तोपर्यंत गोळ्या जाऊन इन्सुलिन आले होते. किती युनिट घ्यायचे हे साखरेवर ठरणार, आणि साखर तर तिला दिसेना. तेव्हा डॉक्टरांनी यंत्र घेण्यास सांगितले: बोट टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा, मिनिटभरात काचेवर आकडा उमटतो.

उल्हासनगरच्या बाजारात परदेशी वस्तू विकणाऱ्या एका दुकानदाराने ते मागवून दिले. यंत्र तळहाताएवढे होते. तो म्हणाला, "साब, आदमी झूठ बोलेगा, ये नहीं बोलेगा. बस, जो बोले वो करना." मी त्याच्या शब्दावर विसंबलो नाही. माझे सारे आयुष्य दाबमापके आणि तापमापके तपासण्यात गेले. त्याच दिवशी मी पत्नीला प्रयोगशाळेत नेले, एकाच वेळी रक्त काढवून दोन्ही आकडे ताडून पाहिले. फरक मामुली होता. मी यंत्र घरात घेतले.

सोबत पुस्तिका होती, इंग्रजी आणि जर्मन. ती मी वाचली. पत्नीला मी आकडे आणि युनिटे पाठ करायला लावली. डॉक्टरांनी सांगितले होते त्याप्रमाणे, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत साखर असेल तर इतके युनिट. ती ते पाढ्यासारखे म्हणे. डोळ्यांनी साथ सोडली होती, पाठांतराने नव्हे. पिचकारीवरच्या रेघा दिसत नसल्या तरी दट्टा ओढताना बोटांना लागणाऱ्या अंतरावरून ती युनिटे बरोबर भरी. मी कित्येकदा तपासले. चूक सापडली नाही.

सकाळ-संध्याकाळ मी घरी असे तेव्हा काचेवरचा आकडा मी वाचत असे. पट्ट्या महाग असल्याने अधेमधे यंत्र काढायचे नाही, असा नियम होता. मात्र दुपारी काही त्रास वाटला तर मासींना हाक मारायची.

मासी भिंतीपलीकडच्या खोलीत राहत. विधवा, साठीच्या. लहानपणी सिंधमधून आलेल्या. पतीचे कापडाचे दुकान होते, ते पुतण्यांकडे गेले होते. अख्खी इमारत त्यांना मासी म्हणे. त्यांना सिंधी लिहिता येई, ते उर्दूसारख्या अक्षरांत. दुकानातील गठ्ठ्यांवर पत्ते घालता घालता त्या इंग्रजी अक्षरे शिकल्या होत्या, पण इंग्रजी भाषा शिकल्या नव्हत्या. ती अक्षरे त्या हिंदीसाठी वापरीत. आमच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या तशाच असत: अक्षरे इंग्रजी, शब्द हिंदी. त्यात कोणालाच वावगे वाटत नसे.

मासींना रिकाम्या हाताने आमच्या घरी येता येत नसे. ताटलीत काहीतरी झाकून आणायचे आणि उंबऱ्यातच म्हणायचे, "लो भाभी, लो." पत्नी मला म्हणे, "ह्यांचं लो सुरू झालं की आपलं पथ्य संपलं." तिच्यासाठी बिनसाखरेचे वेगळे असे. तरीही ती तसे म्हणे.

आता त्या आधीच्या दिवाळीविषयी.

भाऊबीजेला पत्नीने जे खाऊ नये ते खाल्ले. दुपारी तिचे डोके जड झाले, घसा कोरडा पडला. मी घरी होतो. बोट मी टोचले, पट्टी मी धरली, पण चष्मा आतल्या खोलीत राहिला होता. मासी नेहमीप्रमाणे ताटली घेऊन आल्या होत्या. यंत्र वाजले तेव्हा मी म्हणालो, "मासी, आकडा सांगा."

मासींनी काच दूर धरली. "आंकड़ा नहीं है, भाईसाब. हाय लिखा है. एच, आय. हाय."

पत्नी पडल्या पडल्या हसली. "घ्या. माझी साखर बघून मशीननंसुद्धा हाय खाल्ली."

"हसण्यासारखं नाही," मी म्हणालो. "हाय म्हणजे जास्त. मोजता येत नाही एवढी जास्त."

"वही तो मैं बोली," मासी म्हणाल्या. "जास्ती है तभी हाय हाय करता है बेचारा."

मी इंग्रजी शब्द सांगत होतो. मासी हिंदी विलाप ऐकत होत्या. पत्नीने मराठी हाय खाल्ली होती. तिघांचा उच्चार एकच, आणि अर्थही अखेर एकाच ठिकाणी येऊन थांबला. डॉक्टरांना फोन करून त्यांनी सांगितलेली मात्रा दिली. संध्याकाळपर्यंत साखर उतरली. सारे बरोबर झाले, म्हणून काहीच दुरुस्त झाले नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरी ते यंत्र बोलते झाले. मासी आल्या की विचारीत, "क्या बोला आज?" पत्नी सांगे, "आज गप्प आहे. नुसता आकडा." मासी एकदा म्हणाल्या, "कैंप का पानी पिया ना. अपनी बोली सीख गया."

आमच्या कामात एक रीत आहे. मापक एका टोकाला बरोबर दाखवते म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. दुसऱ्या टोकालाही तपासावे लागते. पत्नीची साखर तोवर कधी खाली गेली नव्हती. ते टोक कोणी पाहिले नव्हते.

नऊ जानेवारीला अंगारकी होती. डॉक्टरांनी उपवासांना बंदी केली होती. पत्नीने एकादशी सोडली, श्रावणी सोमवार सोडले. अंगारकी सोडली नाही. "ही एवढी राहू द्या. वर्षातून येते किती वेळा?" असे ती म्हणे. मी वाद घालत नसे, कारण ती दुपारी फराळ करते असे मला माहीत होते. सकाळी मी आकडा वाचला, तिने सुई घेतली, मी निघालो.

"दुपारी खा काहीतरी," मी म्हणालो.

"राजगिऱ्याचा लाडू आणलाय ना तुम्ही. तो खाते."

तो तिने खाल्ला नाही. का खाल्ला नाही, हे मी नंतरही विचारले नाही. मुलगी वर्षभरापूर्वी सासरी गेली होती आणि तिकडून काही बऱ्या बातम्या येत नव्हत्या. देवाला काहीतरी अधिक द्यावे, असे तिला वाटले असावे. दुपारी मासी ताटली घेऊन आल्या, तेव्हा तिने त्यांनाही परत पाठवले. "आज नको, मासी. चंद्र उगवेपर्यंत नाही." मासी व्रताचा मान ठेवणाऱ्या. आग्रह केला नाही.

पुढचे मला मासींनी सांगितले. त्या संध्याकाळी त्यांनी ते इतक्यांदा सांगितले, की मी तेथे हजर होतो असे आता मला वाटते.

साडेतीनच्या सुमारास पत्नीने भिंतीवर थाप मारली. मासी गेल्या. ती घामाने भिजली होती. "मासी, मशीन लावा जरा. हात धरत नाही माझा." मासींनी बोट टोचले. यंत्र वाजले.

"क्या बोला?" असे मासी स्वतःलाच म्हणाल्या आणि काच दूर धरली. "भाभी, आज भी आंकड़ा नहीं. एल, ओ. लो. लो बोलता है."

"लो? काय घेऊ?"

"और क्या लेगी? सुई. मशीन के पास लड्डू थोड़ी है."

"अहो, पण वेळ कुठं झालीय? संध्याकाळची सुई आहे."

"टाइम तेरे को ज़्यादा मालूम कि मशीन को?"

"त्यालाच," पत्नी म्हणाली.

मासींनी फ्रिजमधून बाटली आणून दिली. थरथरत्या हाताने तिने संध्याकाळची मात्रा भरली आणि घेतली. मग म्हणाली, "जरा पडते." मासी पायाशी बसून राहिल्या. झोप लागली, बरे झाले, असे त्यांना वाटले. घोरण्याचा आवाज बदलला तेव्हा त्यांनी हलवून पाहिले, आणि मग फोनकडे धावल्या.

गेटपासवर सही व्हायला वेळ लागला. मी घाई केली नाही. साखर दिली असेल तर माणूस लवकरच सावध होतो. कारखान्याजवळच्या आनंदनगरहून रिक्षा केली. वाटेत मी संध्याकाळच्या मात्रेचा विचार करीत होतो. किती कमी करावी, डॉक्टरांना विचारावे की काय.

दारात बायका होत्या. त्या बाजूला झाल्या. पत्नी चटईवर होती. दातखीळ बसलेली, उशी ओली. मी मासींना विचारले, "साखर कशात दिलीत? पाण्यात?"

"साखर?" मासी म्हणाल्या. "साखर क्यों, भाईसाब? उसको तो साखर का ही रोग है."

टेबलावर इन्सुलिनची बाटली होती. शेजारी रिकामी पिचकारी.

मी आत गेलो. स्वयंपाकघरातून गूळ आणला, त्याचा चुरा तिच्या गालाच्या आतून चोळला. बराचसा बाहेर आला. दोघांच्या मदतीने तिला रिक्षात घातले. मासींनी तिचे डोके मांडीवर घेतले. यंत्रही त्यांनी बरोबर घेतले होते, ओढणीच्या टोकात बांधून. डॉक्टरांना दाखवावे लागेल, असे त्या म्हणाल्या.

दवाखाना अंबरनाथच्या रस्त्यावर होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी शीर शोधली, ग्लुकोज सुरू केले आणि मग पाठमोरेच विचारले, "आज काय खाल्लं होतं?"

"काही नाही. उपवास."

"आणि इन्सुलिन?"

"सकाळची मात्रा. आणि दुपारी साडेतीनला संध्याकाळची."

ते वळले. "साडेतीनला? घाम, थरथर सुरू असताना? शुगर लो असताना इन्सुलिन?"

डॉक्टरांच्या वाक्यातील एक शब्द मासींनी ओळखला. त्या पुढे झाल्या, ओढणीची गाठ सोडली आणि यंत्र त्यांच्यासमोर धरले.

"हां, डाक्टरसाब. लो. मैंने खुद पढ़ा. लो ही बोला था."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "कोणी दिलं इन्सुलिन?"

"तिनं स्वतः घेतलं," मी म्हणालो. हे खरे होते.

त्यांनी आणखी विचारले नाही. मासींना वाटले, डॉक्टरांनी आपले म्हणणे मान्य केले. त्या बाकावर जाऊन बसल्या आणि यंत्र पुन्हा ओढणीत बांधले.

रात्र पडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जीव वाचेल असं वाटतं. पण मेंदू किती वेळ उपाशी राहिला, ते आत्ता सांगता येणार नाही. जागं होऊ द्या."

ती जागी झाली, पण त्या दिवशी नाही. जागी झाली तेव्हा तिने मला ओळखले. बोलू लागली, चालू लागली. चहा मात्र तिला पुन्हा करता आला नाही. पाणी आधी की पत्ती आधी, यावर ती ओट्यापाशी उभी राहत असे. आकडे आणि युनिटांचा पाढा गेला. सुरुवात करी, दुसऱ्या ओळीवर थांबे आणि माझ्याकडे पाही. मी पुढचे सांगत असे. त्यानंतर सुई मीच दिली, यंत्रही मीच वाचले, आणि दुपारच्या वेळेसाठी नोकरी सोडली. यंत्र वाजले की ती विचारी, "काय म्हणतंय?" मी आकडा सांगे. यंत्रावर तिचा राग नव्हता. माझाही नव्हता. त्याने खरे तेच दाखवले होते.

नऊ तारखेच्या त्या रात्री निरोप मिळून चामटोलीहून मेहुणी आली. बायकांच्या खोलीत एकाच बाईला राहू देत, म्हणून ती राहिली. मी आणि मासी रिक्षाने परतलो. कॅम्पाच्या वळणावर मासींनी मान बाहेर काढून वर पाहिले.

"चांद निकल आया, भाईसाब. भाभी का व्रत?"

"सुटलं. नळीतून."

"भगवान ने गिन लिया होगा?"

"घेतलं असेल."

जिन्यावर त्या दोनदा थांबल्या. दारापाशी आल्यावर त्यांनी ओढणीची गाठ सोडून यंत्र माझ्या हातात दिले. हात सोडला नाही.

"भाईसाब, एक बात सच बोलना. डाक्टर का मुंह देखा मैंने. मैंने गलत तो नहीं पढ़ा? मशीन लो ही बोला था ना?"

माझ्या नोकरीत मी चुकीच्या मापावर कधी सही केली नाही. त्यावरून वरिष्ठांशी भांडणे झाली, एकदा बढती गेली. मासींनी एल वाचला होता तो एलच होता. ओ वाचला होता तो ओच होता.

"हो, मासी," मी म्हणालो. "लोच बोललं होतं. तुम्ही बरोबर वाचलंत."

"बस," त्या म्हणाल्या. "फिर ऊपरवाले की मर्ज़ी." त्यांनी आपले कुलूप काढले आणि आत गेल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या वारल्या. मधल्या काळात त्या रोज ताटली घेऊन येत आणि उंबऱ्यातच म्हणत, "लो भाभी." पत्नी हात पुढे करी. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मी त्यांना कधी सांगितला नाही.

मी दिवा लावला. चटई तशीच होती. राजगिऱ्याचा लाडू स्वयंपाकघरात वाटीखाली झाकलेला होता, कोर न मोडलेला. पिचकारीची सुई वाकवून कागदात गुंडाळली आणि टाकली. ओली उशी खिडकीत ठेवली. इन्सुलिनची बाटली दुपारपासून बाहेर होती. दिव्यासमोर धरून पाहिली. औषध फाटलेले नव्हते. बूच पुसले आणि बाटली फ्रिजच्या दारात, तिच्या नेहमीच्या जागी ठेवली.